हा हाफ माझा

आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकीच्या खुर्चीवर तिची पर्स असे. मुकादमबाईंच्या खुर्चीवर एक लांबुळका चेंडू असे, आणि तो उचलून बाजूला ठेवायची कुणाची टाप नव्हती. एकदा नव्याने लागलेल्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी तो पायाने खाली सारला. बाई चहाचा कप घेऊन नेमक्या दारात उभ्या. ओरडल्या नाहीत. चेंडू उचलला, ओढणीने पुसला आणि म्हणाल्या, "पायाने खेळायचा तो दुसरा. हा कडेवर घ्यायचा असतो." केमिस्ट्रीच्या मॅडम पुढे वर्षभर त्या खुर्चीला वळसा घालून जात होत्या.

नफीसा मुकादम आमच्या दुबईतल्या शाळेत पीटी शिकवत. मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, श्रीवर्धनकडच्या. उंची बेताची, खांदे मात्र हमालाला लाजवतील असे. डोक्याचा स्कार्फ इतक्या पिनांनी बसवलेला असे की वाळूचं वादळ आलं तरी तो हलत नसे. नवरा तिकडे तीन-चार तासांवरच्या रुवैसच्या रिफायनरीत. तो शुक्रवारी संध्याकाळी येई आणि रविवारी परत जाई. "आमचा संसार वीकेंडचा आहे, म्हणून टिकला," असं त्या नवऱ्यादेखत सांगत, आणि तो भला माणूस हसून मान हलवी. बी.पी.एड. करताना मुंबईत कुणीतरी त्यांच्या हातात रग्बीचा चेंडू दिला आणि त्यांनी तो परत केलाच नाही, एवढाच त्यांचा पूर्वेतिहास मला ठाऊक आहे. त्यापलीकडचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी फिजिक्सची, सांगलीची. सांगलीत खेळ म्हणजे कुस्ती, फार तर क्रिकेट. शाळेच्या मैदानावर मुलींची टीम घेऊन ह्या बाई उन्हातान्हात काय झोंबाझोंबी करतात ते मला कळत नसे. एकदा डबा खाताना मी सहज विचारलं, "नफीसाताई, तुमची रग्बी आणि तो टीव्हीवरचा हेल्मेटवाल्यांचा अमेरिकन फुटबॉल, हे एकच ना?"

माझ्या हातून फार मोठं पाप घडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाकरी खाली ठेवली.

"एकच कसं असेल गो? बापलेक एक असतात का? ऐक. पूर्वी इंग्लंडात गावंच्या गावं एका चेंडूमागे धावायची. ह्या गावानं तो चेंडू त्या गावाच्या वेशीपलीकडं न्यायचा. नियम म्हणशील तर काही नाही. आपल्याकडं शिमग्याला पालखी नाचवताना कशी झुंबड होते, तशी. मग शाळांनी तो खेळ आपल्या कंपाउंडच्या आत घेतला. प्रत्येक शाळेचे नियम वेगळे. कुणी म्हणालं, फक्त लाथ मारा. कुणी म्हणालं, हातात घ्या आणि पळा. लाथ मारणाऱ्यांचा झाला फुटबॉल, पळणाऱ्यांची झाली रग्बी. आणि ही रग्बी जहाजात बसून अमेरिकेला गेली."

"मग?"

"मग काय! परदेशी गेलेल्या मुलाचं होतं तेच. पहिल्यांदा त्याला घरचा स्क्रम खटकला. स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्यांनी खांद्याला खांदा लावून ढकलायचं, मधे चेंडू, ज्याच्या पायाला लागेल त्याचा. अमेरिकन पोरं म्हणाली, एवढा टाइम कुणाला आहे? चेंडू कुणाचा ते आधी ठरवा, मग सुरू करा. ठरवलं. तर ज्याच्याकडं चेंडू तो सोडेचना! अख्खी मॅच ताबा धरून बसला, जुन्या भाडेकरूसारखा. म्हणून नवा नियम, की इतक्या खेपांत इतकं पुढं जा, नाहीतर चेंडू दुसऱ्याला दे. त्यासाठीच त्यांच्या मैदानावर त्या आडव्या रेघा. मग मारामारी इतकी वाढली की पोरं जिवानिशी जायला लागली. बंद करा हा खेळ, अशी ओरड झाली. तेव्हा चेंडू पुढं फेकायची परवानगी दिली, गर्दी पांगावी म्हणून. वर चिलखत चढवलं. आता बापाच्या घरी येतो तेव्हा हेल्मेटसुद्धा काढत नाही. पण नाक बघ त्याचं. बापाचंच आहे."

हे सगळं एका दमात झालं. मग त्यांनी मला परीक्षेत विचारावं तसं विचारलं, "चेंडू रेषेपलीकडं नेला तर त्यांच्यात काय म्हणतात?"

"टचडाउन."

"आणि खाली टेकवावा लागतो का? नाही! नुसती रेषा ओलांडली की झालं. नाव टचडाउन आणि टच करायचं नाही. आमच्यात नाव आहे ट्राय, म्हणजे प्रयत्न. कारण जुन्या काळी चेंडू टेकवला तरी पॉइंट मिळत नसे, फक्त गोलात लाथ मारायचा एक प्रयत्न मिळे. आता पॉइंट मिळतात. पण टेकवायचा म्हणजे टेकवायचा. हातात धरून, जमिनीवर दाबून. हातातून सुटला की खलास."

एव्हाना घंटा झाली होती. माझी अर्धी पोळी डब्यातच राहिली. पण नववीच्या वर्गात त्या दिवशी मी संवेगाचा नियम रग्बीच्या स्क्रमवर शिकवला, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. त्या उरलेलं वर्ष मला पिडत बसल्या असत्या.

रग्बीत चेंडू पुढे फेकता येत नाही, पास द्यायचा तो मागेच. बाईंनी यातून आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान काढलं होतं. "चेंडू मागं द्यायचा, पाय पुढं टाकायचा," हे त्या कुणालाही, कशावरही ऐकवत. हिंदीच्या सरांचं प्रमोशन हुकलं, त्यांना हेच. माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी यायच्या ठरल्या, मला हेच. याचा माझ्या सासूबाईंशी काय संबंध ते मला आजही उमगलेलं नाही, पण ऐकल्यावर बरं वाटलं होतं.

पालकसभेच्या दिवशी त्यांच्या टेबलापुढे सगळ्यात लांब रांग लागे, आणि ती कौतुकाची नसे. मुली काळ्या पडतात. गुडघे फुटतात. मुलीच्या जातीला हे शोभतं का? त्यात आघाडीवर श्रेयाचे बाबा. सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत होते, पुण्याचे. मुद्दे पाठ करून यायचे.

"मॅडम, माझं ऑब्जेक्शन प्रॅक्टिकल आहे. हात फ्रॅक्चर झाला तर बोर्डाची एक्झाम कशी देणार?"

"कुठल्या हातानं लिहिते ती?"

"उजव्या."

"मग डाव्या खांद्यावर पडायला शिकवते. नेक्स्ट?"

श्रेया शेजारी उभी राहून ओठ दाबून हसत होती. "डॅड, प्लीज. आय लव्ह इट," एवढंच ती म्हणाली. बाबांकडे पुढचा मुद्दा होता, पण मागची रांग खोकायला लागली.

या श्रेयाची थोडी माहिती सांगायला हवी. पोरगी वाऱ्यासारखी पळायची. आमच्या टीममध्ये येण्याआधी दोन वर्षं ती कोच ड्वेनकडे फ्लॅग फुटबॉल शिकली होती. हे अमेरिकन फुटबॉलचंच सौम्य रूप. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याला पाडायचं नाही, त्याची फीत खेचायची. फीत निघाली की तो थांबला. ड्वेन हा टेक्ससचा सहाफुटी, लालबुंद माणूस. शनिवार-रविवार आमच्या शाळेचं मैदान भाड्याने घेऊन आपली अकादमी चालवी.

त्याची आणि बाईंची पहिली गाठ भांडणातच पडली. एका सोमवारी मुली मैदानावर गेल्या तर हिरवळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघाच रेघा. बाईंनी ड्वेनला फोन लावला. त्यांचं इंग्रजी अस्खलित होतं, पण चाल अस्सल श्रीवर्धनची.

"कोच, तुम्ही माझ्या मैदानाची चाररेघी वही करून ठेवली आहे!"

पुढच्या शनिवारी त्या मुद्दाम भांडायला गेल्या. सोबत पातेलंभर कोंबडी-वडे घेऊन गेल्या. मी म्हटलं, "भांडायला जाताना जेवण कशाला?" त्या म्हणाल्या, "रग्बीची रीत आहे. मैदानावर काय ते भांडायचं, नंतर यजमानानं पाहुण्याला जेवू घालायचं. मैदान माझं, म्हणजे यजमान मीच." ड्वेनने आठ वडे खाल्ले आणि रेघा धुऊन जाणारा रंग वापरायचं कबूल केलं. तेव्हापासून दोघांची गट्टी. भेटले की एकमेकांच्या खेळाला शिव्या घालत आणि एकमेकांच्या मुलींचं कौतुक करत.

आणि मग शाळेत पॅडल आलं. दुबईत सध्या ज्याला त्याला काचेच्या पेटीत शिरून हे छोटं टेनिस खेळायचं आहे. आमच्या डायरेक्टर सरांनी ठरवलं, मैदानाच्या अर्ध्या भागात पॅडलची कोर्टं होतील. उरलेल्या अर्ध्यात रग्बी बसत नाही. आणि तसंही पालकांच्या तक्रारी आहेतच, तेव्हा मुलींची टीम बंद. मीटिंगमध्ये सर गोड हसून म्हणाले, "मुकादम मॅडम, रग्बी खलास."

बाई म्हणाल्या, "सर, आप खलास बोलिए, आपका काम है. मेरा काम यल्ला बोलने का है."

यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चला'. सगळी मीटिंग हसली, सरही हसले. पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी अमेरिकेत दोन विद्यापीठांचे संघ समोरासमोर आले. एक सीमेपलीकडचा. दोघांचे नियम वेगळे. भांडत बसण्याऐवजी त्यांनी ठरवलं, एक सामना तुमच्या नियमांनी, एक आमच्या. त्यातूनच तिथल्या मुलांना रग्बीची गोडी लागली. "आपण तसंच करू. ड्वेनच्या मुली विरुद्ध माझ्या. पहिला हाफ त्याचा, दुसरा माझा. सगळ्या पालकांना बोलवा. बघा आणि मग ठरवा."

सरांना पालकांची गर्दी आवडते. ते म्हणाले, "ठीक है. पालक खुश झाले तर मी फेरविचार करीन. वर्ड ऑफ ऑनर."

महिनाभर दोघांनी मिळून सगळ्या मुलींना तयार केलं. ड्वेनने आमच्या मुलींना फिती खेचायला शिकवलं, बाईंनी त्याच्या मुलींना कमरेला धरून पाडायला आणि पडायला. मी संध्याकाळी पेपर तपासायच्या निमित्ताने कडेला बसत असे. असली सासुरवाशीण मी आजवर पाहिली नव्हती. शाळेने घर सोड म्हटलं होतं, आणि ही सगळ्या गावाला जेवायचं आमंत्रण देत होती.

सामन्याच्या सकाळी थंडी होती, म्हणजे दुबईची, स्वेटर हातात धरून फिरण्यापुरती. पालक झाडून आले. डायरेक्टर सरांची खुर्ची मधोमध. पहिल्या हाफला पंच ड्वेन. फिती उडाल्या, चेंडू पुढे फेकले गेले, अकादमीच्या मुली सहज पुढे गेल्या. मग पट्टे सुटले, आणि बाई शिट्टी घेऊन आत आल्या, कारण ही पंचगिरी जाणणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या हाफचे गुण वेगळे धरायचे होते. पहिल्यांदा एक मुलगी दुसरीला घेऊन धाडकन पडली तेव्हा पालकांनी श्वास रोखला. दोघी उठल्या, एकीने दुसरीचं गवत झटकलं आणि पळाल्या. हळूहळू लोक ओरडायला लागले. श्रेयाचे बाबा खुर्चीवर चढले होते. त्यांचं ते प्रॅक्टिकल ऑब्जेक्शन कुठे गेलं होतं कोण जाणे.

शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे गुण सारखे होते. श्रेयाला चेंडू मिळाला. एकीला हुलकावणी, दुसरीच्या हातून निसटली, आणि पुढे नुसतं मोकळं गवत. रेषा ओलांडली. पोरीने चेंडू दोन्ही हातांनी वर उचलला आणि आनंदाच्या भरात समोर जमिनीवर आपटला. टण्णकन उडून तो लांब गेला. अकादमीत दोन वर्षं ती हेच करत आली होती, आणि अर्ध्या तासापूर्वी याच मैदानावर तिने हेच केलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं.

मैदान दणाणलं. डायरेक्टर सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी स्वतः किंचाळत होते. त्या गोंधळात शिट्टी वाजली आणि बाईंनी हात आडवा हलवला. ट्राय नाही.

कुणाला कळेचना. श्रेया धावत आली. "मॅम! आय क्रॉस्ड द लाइन! एव्हरीबडी सॉ इट!"

"लाइन ओलांडलीस बेटा. टेकवला नाहीस."

ड्वेन लांब ढांगा टाकत आत आला. पॉइंट दिला तर हा हाफ त्याचीच टीम हरणार होती, पण बाईंची टीम पणाला लागली आहे हे त्याला ठाऊक होतं. सरांकडे पाठ करून हळूच म्हणाला, "नफीसा, गिव्ह इट टू द किड. इन माय बुक दॅट्स अ टचडाउन."

"इन युवर बुक, येस," बाई म्हणाल्या. "धिस हाफ इज माइन."

चेंडू हातातून पुढे सुटला म्हणून स्क्रम अकादमीला मिळाला. त्यांनी चेंडू बाहेर लाथाडला, वेळ संपली, दुसरा हाफ बरोबरीत सुटला. पहिला ड्वेनचा होता, म्हणजे सामना ड्वेनचा. पालकांत कुजबुज सुरू झाली. स्वतःच्याच मुलींवर असा कसा अन्याय? बाईंनी हरलेल्या मुलींना दोन रांगांत उभं केलं, जिंकलेल्यांना मधून टाळ्यांच्या गजरात जायला लावलं आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. श्रेयाने वड्याला हात लावला नाही. बाईंनीही आग्रह केला नाही.

मला राग आला होता. आजही आठवलं की येतो, पण कुणाचा ते धड सांगता येत नाही. त्या पोरीचा, सरांचा, की त्या नियमाचा. एवढा जीव टाकून उभं केलेलं सगळं एका शिट्टीने मातीत घालायचं? सोमवारी सरांनी बाईंना बोलावलं तेव्हा मी लॅबच्या चाव्या द्यायला ऑफिसात होते. सर खरंच हळहळत होते.

"मॅडम, पॅरेंट्स खडे हो गए थे. आप सीटी नहीं बजातीं तो टीम बच जाती. पॅरेंट्स अब बोल रहे हैं, ऐसा खेल किस काम का. आय अ‍ॅम सॉरी."

"वो पॉइंट दे देती तो टीम बचती सर. रग्बी नहीं बचती."

"सो रिजिड क्यों हैं आप?"

"सर, ये लडकियां चार साल से मेरी सीटी पर रुकती हैं. वो सीटी एक दिन झूठी बज गई, तो कल किस मुंह से बजाऊं?"

सरांनी त्यांना योगा आणि मार्चपास्ट देऊ केलं. नोकरी तीच, पगार तोच, त्रास शून्य. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "घ्या ना ताई. कुणी नाव ठेवणार नाही. दोन वर्षं काढा, रिटायर व्हा." त्यांनी चेंडू या काखेतून त्या काखेत घेतला. "मार्चपास्ट? जागच्या जागी पाय आपटत?" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला, प्रेमाचाच, पण कळ दुपारपर्यंत होती.

वर्ष संपलं तशी त्यांनी नोकरी सोडली. रुवैसच्या कॉलनीत रिफायनरीवाल्यांच्या मुलींसाठी क्लब सुरू करायची परवानगी त्यांनी मिळवली होती. नवऱ्याला आता आठवडाभर त्यांच्यासोबत राहावं लागणार, याचंच मला जरा वाईट वाटलं. मैदान होतं, मुली होत्या, म्हणे गोलपोस्ट तेवढे नव्हते.

शाळेचे गोलपोस्ट पॅडलवाले भंगारात काढणार होते. बाईंनी ते मागून घेतले.

ती सकाळ मला लख्ख आठवते. मैदानावर खणाखणी चालू होती. तिथे एक पठाण पिकअप घेऊन उभा होता, ड्वेन खांबाला खांदा देऊन उभा होता, आणि श्रेयाचे बाबा पाना घेऊन बोल्ट सोडवत होते. "मॅडम, हे सगळं लीगल आहे ना?" असं दर बोल्टमागे विचारत होते, पण पाना थांबत नव्हता. श्रेया महिनाभर बाईंशी बोलली नव्हती. आता निघालेले बोल्ट ती एका डब्यात गोळा करत होती. बाईंनी तिला विचारलं, "आता काय खेळणार?" ती म्हणाली, "आय डोन्ट नो, मॅम." बाई म्हणाल्या, "ठरव. पण जे खेळशील ते पुरं खेळ." पोरीने मान हलवली आणि डबा त्यांच्या हातात दिला.

आडवा दांडा पिकअपमध्ये मावेना. मागून चांगला हातभर नव्हे, पुरुषभर बाहेर आला. पठाणाने डोकं खाजवलं. त्याने दांड्याच्या टोकाला एक लाल फडकं बांधलं, लांबून पाहिलं आणि त्याचं समाधान काही होईना.

"बाजी, इतना बाहर है. रास्ते में पुलिस देखेगा तो मुखालफा मारेगा."

बाई पुढच्या सीटवर चढून बसल्या होत्या. त्यांनी पट्टा लावला, काच खाली केली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मारने दो. रग्बी के लिए फाइन लगा तो मैं घर की दीवार पे फ्रेम करके लगाऊंगी. यल्ला, गाडी चलाओ."